साल न छापलेली कार्डं

जुनं बेसबॉल कार्ड हातात आलं की लोक आधी खेळाडूचा चेहरा पाहतात. आमच्या कामात ते आधी उलटं करून पाहतात. समोर खेळाडू, त्याचं नाव, फार तर शहराचं किंवा संघाचं नाव. साल बहुधा नसतंच. ज्यांनी ही कार्डं छापली त्यांना ती सिगारेट, खाऊ किंवा च्युइंगगम खपवायला हवी होती. पाकीट फोडलं, पोराच्या हातात कार्ड पडलं, की त्यांचं काम झालं. शंभर वर्षांनी कुणी टेबलाशी बसून ‘हे नेमकं कधी बाहेर पडलं?’ असं विचारत बसेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ते विचारत बसणं ही माझी नोकरी आहे. पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकले, लग्नानंतर न्यू जर्सीत आले आणि जुन्या कागदी वस्तूंचे लिलाव करणाऱ्या एका संस्थेत नोंदी लिहायच्या कामाला लागले. क्रिकेटवेड्या घरात वाढल्यामुळे बेसबॉल समजायला फार वेळ लागला नाही. कोणता खेळाडू कोणत्या महिन्यात कोणत्या संघातून कुठे गेला, हे मात्र घोकावं लागलं. लिलावाच्या यादीत माझ्या नोंदीची पहिली गोष्ट म्हणजे साल, आणि त्या एका आकड्यावर पुढचं पुष्कळ काही अवलंबून असतं.

सर्वांत जास्त हाताळली ती टी-२०६ नावाने ओळखली जाणारी कार्डं. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात आपल्या वेगवेगळ्या ब्रँडच्या पाकिटांत ती घातली. जेमतेम दीड इंच रुंद, अडीच इंचांहून किंचित उंच, शिळाछापावर अनेक रंगांत छापलेली. वेगवेगळी चित्रं पाचशेच्या वर. समोरची बाजू तीच राहते आणि पाठीवरची जाहिरात ब्रँडप्रमाणे बदलते: पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, ओल्ड मिल, पोलर बेअर. ‘हिंदू’ नावाचीही एक सिगारेट होती. तपकिरी शाईत छापलेलं ते नाव पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मी कार्ड बराच वेळ खाली ठेवलं नाही. आपल्याकडे ज्याचा पत्ताही नसेल अशा कारखान्यात, अशा मालासाठी, हे नाव कुणी कसं निवडलं असेल याचा विचार अजूनही मनात येतो.

पीडमाँटच्या पाठीवर कधी १५० चित्रांची माला असं लिहिलेलं असतं, कधी ३५० चित्रांची, कधी ३५०-४६०. ही कंपनीची बढाई होती, पण आम्हाला ती दिनदर्शिकेसारखी उपयोगी पडते. १५० ची पाठ सर्वांत आधीची, १९०९ मधली. ४६० चा आकडा शेवटच्या टप्प्यातला. होनस वॅग्नरचं जे कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं, त्या चित्राची आज ठाऊक असलेली कार्डं १५० च्याच पाठीची आहेत. वॅग्नरने आपलं चित्र वापरायला नकार दिला आणि छपाई थांबली, ही गोष्ट सगळेच सांगतात. ती पहिल्याच टप्प्यात थांबली, हे पाठीवरचा आकडा सांगतो.

तरीही आकडा एकटा पुरत नाही. आधीच्या टप्प्यातली कित्येक चित्रं पुढच्या टप्प्यात नव्या पाठीवर पुन्हा छापली गेली. मग समोरची अक्षरं वाचावी लागतात. रे डेमिट नावाचा एक साधारण खेळाडू होता. १९०९ चा हंगाम तो न्यूयॉर्ककडून खेळला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याला सेंट लुईसला पाठवण्यात आलं. त्याची न्यूयॉर्कची कार्डं सहज मिळतात. सेंट लुईस लिहिलेलं कार्ड मात्र फक्त पोलर बेअरच्या पाठीवर सापडतं. पोलर बेअर ही सिगारेट नव्हती, चुरा केलेला तंबाखू होता, म्हणून ती कार्डं अनेकदा डागाळलेली असतात. खेळाडू तोच, चित्र तेच, फक्त शहराचं नाव बदललेलं. एवढ्यावरून मी नि:शंकपणे लिहू शकते की हे कार्ड १९०९ च्या डिसेंबराच्या आधीचं नाही.

आमच्या घरी एका लग्नपत्रिकेचा सालाचा तुकडाच फाटून गेला होता. आजीने ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि म्हणाली, “नानांच्या नावामागे ‘कै.’ नाही, आणि पत्ता नदीकाठच्या वाड्याचा आहे. म्हणजे पानशेतच्या आधीची.” पानशेतचं धरण फुटून नदीकाठचे वाडे वाहून गेले ते १९६१ च्या जुलैत. ती जे करत होती तेच मी करते. कागदावर जे लिहिलंय ते कोणत्या क्षणानंतरच लिहिता आलं असतं, आणि कोणत्या क्षणानंतर तसं कुणी लिहिलं नसतं.

या दोन प्रश्नांतला पहिला पक्का असतो, दुसरा नसतो. हे ज्याला कळलं त्यालाच हे काम करता येतं, असं माझं ठाम मत आहे. विसाच्या दशकात पातळ पुठ्ठ्याच्या पट्टीवर ओळीने कार्डं छापत आणि दुकानदार ती कात्रीने कापून देत. अशा एखाद्या पट्टीवर बेब रूथ न्यूयॉर्कचा असेल आणि शिकागोचा शूलेस जो जॅक्सनही असेल, तर पहिली बाजू स्पष्ट आहे: रूथ बोस्टनकडून न्यूयॉर्कला विकला गेल्याची बातमी १९२० च्या जानेवारीत आली, त्याआधी त्याच्या नावापुढे न्यूयॉर्क छापणं शक्य नव्हतं. दुसरी बाजू बघा. सामने विकल्याच्या प्रकरणात जॅक्सनला १९२० च्या सप्टेंबरात संघाबाहेर बसवलं आणि पुढच्या वर्षी कायमचं काढून टाकलं. शहाण्या छापखान्याने त्याचं चित्र वगळलं असतं. पण छापखाना शहाणा होता याची हमी कोण देणार? दगडावर किंवा पत्र्यावर चित्र तयार आहे, कागद पडून आहे, दुकानदार मागतो आहे. तर तेच पुन्हा छापून द्यायला काय हरकत? म्हणून ‘याआधी नाही’ हे मी ठळक लिहिते आणि ‘यानंतर नाही’ हे ‘बहुधा’ लावून लिहिते.

या सगळ्या मालांना नावं देणारा माणूस जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा, विजेच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यातला साधा कामगार. सांधेदुखीने बोटं वाकडी झालेली. त्याने अमेरिकेतल्या हरतऱ्हेच्या छापील कार्डांची सूची केली आणि प्रत्येक मालेला अक्षर आणि क्रमांक दिला: एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूला एन, विसाव्यातल्या तंबाखूला टी, जुन्या खाऊला ई, गमला आर. आपला तीन लाखांहून मोठा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि स्वत: तिथे बसून तो अल्बमांत चिकटवला. १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं, मार्चमध्ये तो गेला. मी ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी, वर्गीकरण म्हणजे काय कष्ट असतात ते मला ठाऊक आहे. ज्या वस्तू लोक कचऱ्यात टाकत होते त्यांना त्याने ग्रंथांचा मान दिला. त्याच्याबद्दल मला जो आदर वाटतो तो फार थोड्या माणसांबद्दल वाटतो.

पण आदर असला तरी जुन्या सूचीतलं साल डोळे मिटून उतरवता येत नाही. रूथचंच उदाहरण घ्या. बोस्टनच्या गणवेशात चेंडू टाकण्याच्या पवित्र्यातला तरुण रूथ, क्रमांक १५१. शिकागोच्या फेलिक्स मेंडेलसोन या छपाईदाराने दोनशे कार्डांची ही माला काढली आणि वेगवेगळ्या धंदेवाल्यांना विकली. ज्याने घेतली त्याने पाठीवर आपली जाहिरात छापून घेतली. काही कार्डांची पाठ कोरीच आहे. कितीतरी वर्षं ही माला १९१५ ची मानली जात होती. नंतर अभ्यासकांनी दोनशेच्या दोनशे खेळाडूंचे संघ तारखांशी ताडून पाहिले. फेडरल लीग नावाची तिसरी मोठी लीग १९१४ आणि १९१५ असे दोनच हंगाम चालली आणि १९१५ च्या डिसेंबरात तडजोड होऊन बंद पडली. तिचे खेळाडू हिवाळ्यात जुन्या संघांत विखुरले गेले. बेनी कॉफसारखा फेडरल लीग गाजवणारा खेळाडू एखाद्या कार्डावर न्यूयॉर्क जायंट्सचा दिसला, तर ते कार्ड त्या हिवाळ्याच्या आधी छापलेलं असू शकत नाही. मालेच्या दोन आवृत्त्या आहेत आणि त्यांत काही खेळाडू बदललेले आहेत. कोण गळलं, कोण आलं यावरून कोणती आधीची तेही ठरलं. आज ही माला १९१६ ची मानतात. एका वर्षाने काय बिघडलं, असं विचारणारे भेटतात. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूचं मोठ्या लीगमधलं पहिलं कार्ड कधीचं, हा तो प्रश्न आहे. एका वर्षाचा फरक तिथे फार मोठा आहे.

काही माला मात्र अगदी सरळ असतात. क्रॅकर जॅक हा पाकातल्या लाह्या आणि शेंगदाण्यांचा खाऊ. त्याच्या डब्यात १९१४ मध्ये १४४ खेळाडूंची आणि १९१५ मध्ये १७६ खेळाडूंची कार्डं आली. मालेचा आकडा पाठीवर दिलेला आहे. शिवाय १९१५ चं कार्ड बाजूने पलटलं की मागची अक्षरं उलटी दिसतात. १९१५ मध्ये पूर्ण संच टपालानेही मागवता येत होता, म्हणून त्या वर्षीची स्वच्छ कार्डं जास्त टिकली. १९१४ च्या कार्डांवर पाकाचे डाग ठरलेले. मला ते डाग आवडतात. धुवून पाठवलेलं कार्ड पाहिलं की जीव हळहळतो.

छापलेला मजकूर खोटा असू शकतो. तो संशय आला की कागदाकडे वळायचं. दहापट भिंगाखाली जुन्या शिळाछापाच्या नावाची अक्षरं सलग शाईची दिसतात. नंतरच्या नकलेत तीच अक्षरं बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली असतात. अतिनील दिव्याखाली कार्ड निळसर पांढरं लखलखलं तर त्या कागदात उजळपणा आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात येऊ लागलं चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा १९१० चं म्हणून आलेलं कार्ड लखलखलं तर बोलणंच संपलं. उलट ते लखलखलं नाही म्हणून जुनं ठरत नाही. जुन्या पुस्तकांचे कोरे कागद वापरून नकला करणारे लोक आहेत. मोजपट्टीही विसरून चालत नाही. टॉप्स कंपनीने १९५२ ची आपली गाजलेली माला १९८३ मध्ये स्वत:च पुन्हा छापली. मूळ कार्ड पावणेचार इंच उंच, नवं साडेतीन इंच. त्यातलं मिकी मँटलचं कार्ड घेऊन आलेल्या माणसाला पट्टी दाखवावी लागते तेव्हा मला वाईट वाटतं. माणूस वडिलांची वस्तू म्हणून आणतो, आणि वडिलांनी ती खरंच १९८३ मध्ये हौसेने घेतलेली असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागद आणि गम दोन्हींची टंचाई झाली आणि १९४१ नंतर कार्डांचा ओघ जवळपास आटला. तो पुन्हा वाहू लागला १९४८ च्या सुमाराला. माझ्या कामातला सर्वांत चिवट वाद याच वळणावर आहे. शिकागोच्या लीफ कंपनीने भडक रंगांत ९८ कार्डं काढली. क्रमांक १६८ पर्यंत जातात, मधले बरेच गाळलेले. पोरांनी न सापडणाऱ्या क्रमांकासाठी गम घेत राहावं, हा हेतू. या कार्डांवर साल आहे! पण काहींवर हक्कनोंदीचं साल १९४८ आहे आणि काहींवर १९४९. हक्कनोंद म्हणजे वितरण नव्हे. चित्राचे हक्क एका वर्षी नोंदवून कार्ड पुढच्या वर्षी दुकानात जाऊ शकतं. पाठीवरच्या मजकुरात १९४८ च्या हंगामातल्या कामगिरीचे उल्लेख येतात; हंगाम संपतो ऑक्टोबरात. मग दुकानात ती कार्डं केव्हा पोचली?

हा वाद रंगतो तो जॅकी रॉबिन्सनमुळे. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि मोठ्या लीगमधली काळ्या खेळाडूंवरची अनेक दशकांची बंदी मोडली. त्याआधी कितीतरी थोर काळे खेळाडू झाले, पण अमेरिकेतल्या गम आणि तंबाखूच्या पाकिटांत त्यांना जागा नव्हती. कार्डांची वर्षं लावताना ही रिकामी जागा सारखी समोर येते; साल ठरवायला ती उपयोगी पडते, आणि दरवेळी ती पाहून मन खिन्न होतं. बोमन कंपनीच्या १९४८ च्या ४८ कार्डांत रॉबिन्सन नाही, १९४९ च्या मालेत आहे. लीफचं कार्ड १९४८ चं धरलं तर गमच्या पाकिटातला रॉबिन्सन आधी लीफने दिला. १९४९ चं धरलं तर दोघे बरोबरीचे. खेळाडूच्या पहिल्या कार्डाला बाजारात वेगळाच भाव असतो, त्यामुळे ज्याच्याकडे लीफचं कार्ड आहे त्याला १९४८ हवं असतं. मला फोन येतात, आग्रह होतो, नोंदीत एकच साल लिहा म्हणून. मी १९४८-४९ लिहिते. ती जोडरेघ काढून टाकण्याइतका पुरावा माझ्यापुढे नाही, आणि कार्डाच्या मालकाला काय हवंय हा पुरावा होत नाही.

पन्नाशीनंतरची कार्डं सोपी जातात. टॉप्सच्या पाठीवर गेल्या वर्षीचे आकडे असतात. त्यात एक मिळवला की कार्डाचं साल आलं. पाठीवर १९५१ ची धावसंख्या असेल तर कार्ड १९५२ चं. आकारही मदत करतो: १९५२ ते १९५६ ची मोठी, १९५७ पासून अडीच बाय साडेतीन इंच, तो आकार आजतागायत चालला आहे. ब्रेव्हज बोस्टन सोडून मिलवॉकीला गेले १९५३ मध्ये, ब्राउन्स सेंट लुईसहून बाल्टिमोरला १९५४ मध्ये, डॉजर्स आणि जायंट्स कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये. साम्यवादाच्या धास्तीने सिनसिनाटीच्या रेड्सनी १९५३ ते १९५८ ‘रेडलेग्ज’ हे नाव लावलं, तेही कार्डांवर उतरलं.

आता एका वहीबद्दल सांगते. पेनसिल्व्हेनियातून एक वयस्कर भाऊ-बहीण वडिलांची कार्डं घेऊन आले. गाउडी कंपनीची १९३३ ची, गमबरोबर मिळणारी, वापरून मऊ झालेली. त्यांनी कार्डं एका खोक्यात नीट लावून आणली होती आणि बाकीचा ‘कागदाचा पसारा’ गाडीतच ठेवला होता. मी तो आत आणायला सांगितला. त्यात एक शाळेची वही निघाली. वडिलांनी लहानपणी १ ते २४० आकडे ओळीने लिहिले होते आणि मिळालेल्या आकड्यावर फुली मारली होती, कुठेकुठे शेजारी तारीख आणि कुणाशी अदलाबदल केली त्याचं नाव. १०६ पुढे फुली नव्हती, नुसतं गोल केलेलं होतं, पेन्सिल पुन:पुन्हा फिरवून.

त्या पोराला ते मिळणारच नव्हतं. गाउडीने १९३३ मध्ये १०६ क्रमांकाचं कार्ड छापलंच नाही. संच पूर्ण होत नाही म्हणून लोकांनी पत्रं लिहिली, तेव्हा कंपनीने १९३४ मध्ये ते छापलं आणि पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवलं. त्यावर चित्र होतं नॅप लाजोई या १९१६ मध्येच मोठी लीग सोडलेल्या खेळाडूचं. क्रमांक १९३३ चा, छपाई १९३४ ची, खेळाडू त्याहून कितीतरी जुन्या काळातला. पुस्तकांत मी हे वाचलं होतं. वहीत मला ते एका मुलाच्या बाजूने दिसलं, आणि शिवाय पुढचे क्रमांक त्याच्या गावातल्या दुकानात कोणत्या महिन्यात पोचले तेही. कार्डांच्या पाठी ती कधी छापली हे सांगतात. ती हातात कधी आली हे सांगणारा असा कागद क्वचित सापडतो.

भावाने विचारलं, “या वहीला काही किंमत येईल का?”

मी म्हटलं, “वेगळी विकाल तर फारशी नाही. पण कार्डांपासून ती वेगळी करू नका.”

बहिणीने तेव्हाच वही उचलून कार्डांच्या खोक्यात ठेवली. आमच्या यादीत तो सगळा संच एकच नग म्हणून गेला, वहीसकट. आमच्या धंद्यात याच्या उलटं जास्त घडतं. अल्बममधून कार्डं सोडवली जातात, सर्वांत देखणी प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत जातात, आणि पानं, वेष्टनं, याद्या कचऱ्यात. भाव वाढतो, हे मला मान्य आहे. पण साल ठरवायचा आधार त्याच दिवशी नाहीसा होतो आणि पुन्हा कुणाला तो उभा करता येत नाही.

इथे जुनी घरं घेतलेली मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. माळ्यावर किंवा तळघरात आधीच्या मालकाचं एखादं खोकं निघतं आणि त्यात अशी कार्डं असतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कार्डं पुसू नका, धुऊ नका, चिकटवलेली असतील तर ओढून काढू नका. आधी आहे त्या क्रमाने प्रत्येक पानाचा आणि प्रत्येक कार्डाच्या पाठीचा फोटो घ्या. पेन्सिलीची नोंद खोडू नका, मग ती कितीही पोरकट वाटो. गमचं वेष्टन, सिगारेटचं रिकामं पाकीट, टपालाचा लिफाफा, दुकानाची पावती, यातलं काहीही टाकू नका. आधीच्या मालकाचा पत्ता लागत असेल तर त्यांना एक फोन करा. आणि मग कुणा जाणकाराला दाखवायला न्याल तेव्हा खोकं सगळंच्या सगळं न्या.